एकच परंपरा धरायची का चार ठिकाणी जायचं? आपल्याकडच्या बौद्ध साधकांसाठी थोडं सविस्तर

हा प्रश्न आपल्याकडे खूप जणांना पडतो, आणि तो पडणारे बहुतेक असे असतात की घरी लहानपणापासून त्रिशरण पंचशील आहे, हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांचा फोटो आहे, मग कॉलेज संपल्यावर कधीतरी इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केला, नंतर मैत्रिणीने त्रिरत्न नावाच्या संघाच्या शिबिराला नेलं, ऑफिसमधली कोणीतरी नम म्योहो रेंगे क्यो हा जपानी जप म्हणायला घरी बोलावते, आणि रात्री झोपताना युट्यूबवर तिबेटी लामांचं प्रवचन चालू असतं. मग एक दिवस डोक्यात येतं की अरे मी नक्की कुठला, आणि हे सगळं एकत्र चालतं का?

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. शरण एकच, रोजची साधना एका वेळी एकच, आणि वाचन, ऐकणं, भेटीगाठी मात्र जितक्या जमतील तितक्या. घोळ होतो तो या तीन गोष्टी एकात एक कालवल्यामुळे होतो. त्या वेगळ्या केल्या की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पण त्याआधी एक भीती काढून टाकू, ती म्हणजे दुसऱ्या परंपरेत डोकावलं की आपण काहीतरी सोडलं, बेइमानी केली. असं काही नाहीये. महाराष्ट्रात धम्म कधीच एका छापाचा नव्हता. कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखात महासांघिक या तेव्हाच्या पंथातल्या भिक्खूंना दिलेलं दान आहे आणि त्याच लेण्यात सोपाऱ्याहून आलेल्या धर्मोत्तरीय या दुसऱ्या पंथातल्या भिक्खूचंही नाव आहे. नाशिकला गौतमी बलश्रीने दिलेलं लेणं भद्रायणीय या तिसऱ्या पंथासाठी होतं, कान्हेरीतही भद्रायणीय भेटतात, आणि त्याच कान्हेरीच्या डोंगरावर काही शतकांनी ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे महायानातला बोधिसत्त्व, कोरला गेला. बोरिवलीहून नॅशनल पार्कात शिरून वर गेलात तर एका दुपारी हे सगळं पायी फिरून बघता येतं, आणि खरंच बघा, कारण पुस्तकातून हे जितकं कळतं त्याच्यापेक्षा जास्त तिथे उभं राहून कळतं. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात इकडे आला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात शंभरेक संघाराम (भिक्खूंचे विहार) आहेत, पाचेक हजार भिक्खू आहेत आणि ते महायान आणि हीनयान दोन्हीचा अभ्यास करतात. त्याच शतकात आलेला दुसरा चिनी भिक्खू इत्सिंग तर सांगतो की दोघांचा विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, एकच, बोधिसत्त्वांची पूजा करतात आणि महायान सूत्रं वाचतात ते महायानी, एवढाच फरक.

आता यातली बारीक गोष्ट बघा. त्या काळचा भिक्खू उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, घ्यायचा ती एकाच निकायात म्हणजे पंथात, त्याचा उपाध्याय एक असायचा, रोजचे नियम एकाच विनयाचे, आणि तेवढं पक्कं असल्यामुळे तो बाकी सगळं मोकळेपणाने शिकू शकायचा. म्हणजे खाली जमीन एक आणि वर अभ्यास मोठा. आपल्यालाही हेच करायचंय, फक्त गृहस्थ म्हणून.

बाबासाहेबांचंही बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली ती कुशिनारचे भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून, ते ब्रह्मदेशातले, थेरवादी परंपरेतले. पण आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी साफ सांगितलं होतं की हीनयान महायान या वादात आम्ही पडणार नाही, बुद्धांनी जे सांगितलं ते धरू. त्याच चंद्रमणींकडून १९४९ ला श्रामणेर (भिक्खू होण्याआधीची पहिली) दीक्षा घेतली होती एका इंग्रज तरुणाने, ते म्हणजे संघरक्षित. पुढे ते कालिम्पोंगला राहिले, तिबेटी लामांकडे शिकले, आणि १९६७ ला लंडनमध्ये त्यांनी जो संघ सुरू केला तोच इकडे १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण म्हणून वाढला, आता त्याला त्रिरत्न म्हणतात. म्हणजे एकाच हातून दीक्षा मिळालेली दोन माणसं किती वेगळ्या वाटेने गेली, आणि दोघांनीही परंपरांच्या भिंतीला फार किंमत दिली नाही. तेव्हा अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

आता मुद्द्यावर येऊ, करायचं काय.

पहिलं काम, एक वही घ्या आणि स्वतःला विचारा की माझं घर कुठलं. घर म्हणजे लग्न, नामकरण, मयत या वेळी मी कोणाला बोलावते, त्रिशरण कुठल्या लोकांबरोबर म्हणते, अडचण आली तर कुठल्या विहारात जाऊन बसते. आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर सरळ आहे, वस्तीतलं विहार आणि बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा. ते असेल तर ते तसंच राहू द्या. विपश्यना केली म्हणून विहार सोडायची गरज नाही, झेन आवडलं म्हणून बुद्धवंदना जुनाट वाटायला लागली असेल तर जरा थांबा. मला मनापासून वाटतं की आपल्याकडे साधना करणारा शिकलेला वर्ग हळूहळू वस्तीतल्या विहारापासून तुटतोय आणि हे फार मोठं नुकसान आहे, दोन्हीकडचं. ज्यांचं घर बौद्ध नाही, नव्याने आलेत, त्यांनी घाई करू नका, आधी दोनचार संघ बघा, माणसं बघा, मग ठरवा.

दुसरं, साधना. इथे मात्र मी कडक आहे. एका वेळी एकच पद्धत.

का ते एका बैठकीत बघा. सकाळचे साडेपाच, तुम्ही मांडी घालून बसलाय, वीस मिनिटांनी उजवा गुडघा दुखायला लागतो. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेच्या पद्धतीने शिकला असाल तर सूचना ही की ही एक संवेदना आहे, समतेने बघा, प्रतिक्रिया देऊ नका, डोक्यापासून पायापर्यंत चित्त फिरत राहू द्या. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडोंच्या पद्धतीत मुख्य आलंबन, म्हणजे लक्ष ठेवायची जागा, पोटाचं वर खाली होणं, आणि दुखणं ठळक झालं की त्याची नोंद करायची, दुखतंय, दुखतंय, आणि ओसरलं की परत पोटावर. मेत्ता (मैत्री) भावनेला बसला असाल तर तुम्ही आत्ता तिसऱ्या टप्प्यावर, तटस्थ व्यक्तीवर आहात आणि गुडघ्याकडे थोडी माया करून परत त्या व्यक्तीकडे जायचंय. झाझेनमध्ये, म्हणजे झेनच्या बैठकीत, तर यातलं काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. आता चारही शिकलेला माणूस या क्षणी काय करतो? तो गुडघा बघत नाही, तो मेन्यू बघतो. कुठलं लावू, हे लावू का ते लावू, आणि त्याला वाटतं साधना चाललीय. यातली एकही पद्धत चुकीची नाही, पण त्या एकमेकीत घातल्या की प्रत्येकीचा जो मुद्दा आहे, की कंटाळा आला, दुखलं, काही घडेना तरी तिथेच रहा, तोच निघून जातो. नको वाटलं की टेक्निक बदलायची सवय लागते.

मग किती दिवस एक धरायचं? आपल्याकडे यासाठी तयार कॅलेंडर आहे, वर्षावास. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने. विहारात त्या काळात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतंच, त्याला जोडून सकाळची साधना एकच ठरवा आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत बदलायची नाही. ठरवताना कोणाला तरी सांगून ठेवा, घरात किंवा ग्रुपमध्ये, नाहीतर भाद्रपदात सणांच्या गडबडीत सुटून जातं. वहीत रोज दोन ओळी, किती वेळ बसले आणि दिवसभरात चिडचिड, बोलणं, झोप कशी होती. आज काय अनुभव आला, प्रकाश दिसला का, असलं लिहू नका, त्याने पुढच्या दिवशी तेच शोधत बसतो आपण. तीन महिन्यांनी वही वाचा. राग थोडा कमी झाला असेल, खोटं बोलताना आतून टोचायला लागलं असेल, घरचे म्हणत असतील की तू जरा बदललीस, तर पद्धत तुम्हाला लागू पडतेय, अजून वर्षभर तीच धरा. काहीच हललं नसेल तर शिक्षकाला भेटा, लगेच दुकान बदलू नका, कारण बऱ्याचदा पद्धत ठीक असते आणि आपण ती अर्धवट समजलेलो असतो.

तिसरं, जिथे जाणार तिथे त्यांची अट काय आहे ते आधीच नीट विचारून घ्या, कारण प्रत्येकाची वेगळी आहे आणि लोक हेच विचारत नाहीत.

विपश्यना केंद्रांचं सगळ्यात स्पष्ट आहे. दहा दिवसांच्या कोर्सात बाकीची सगळी साधना, जप, वंदना, पूजा बाजूला ठेवायची, फॉर्ममध्येच विचारतात दुसरं काही करता का. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकाखाली वरच्या ओठावरचा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, शेवटी मेत्ता. कोर्सनंतर तुम्ही मोकळे, पण त्यांचं म्हणणं असं की ही घ्या किंवा दुसरी घ्या, मिसळू नका. पुढच्या सतिपठ्ठान कोर्सला तर किमान तीन दहा दिवसीय कोर्स, रोजचा सराव, पंचशील आणि दुसरी कुठली ध्यानपद्धत चालू नसणं ही अटच आहे. कोणाकोणाला हे संकुचित वाटतं. मला नाही वाटत, ते त्यांच्या शिकवण्याची जबाबदारी घेतायत, दुसऱ्याची कशी घेतील? तुम्ही फॉर्मवर खोटं लिहून आत जाऊ नका एवढंच, शीलापासून सुरुवात करायची आणि सही खोटी, याला काय अर्थ आहे.

त्रिरत्नमध्ये आनापानसती (श्वासावर लक्ष) आणि मेत्ता भावना या दोन साधना शिकवतात, पालीतलंही घेतात आणि महायानातलंही, म्हणजे ती परंपराच मुळात अनेक ठिकाणचं निवडून बांधलेली आहे. त्यामुळे तिथे गेल्यावर 'मी अनेक परंपरा करतेय' असं वेगळं काही करायची गरज उरत नाही, कोणीतरी विचार करून ते जोडून दिलंय. धम्ममित्र व्हायचं असेल तेव्हा मात्र ते विचारतील की हेच तुमचं मुख्य ठिकाण आहे का. विचार करूनच हो म्हणा.

नम म्योहो रेंगे क्यो म्हणणाऱ्यांचं दोन वेगळ्या जागी दिसतं. वरळीच्या जपानी मंदिरात ढोल वाजवून हा जप चालतो ते निप्पोन्झान म्योहोजीचे भिक्खू, वर्ध्याचा शांतिस्तूपही त्यांचाच. ऑफिसातली मैत्रीण बोलावते ते बहुतेक भारत सोका गक्काईवाले, त्यांचा भिक्खूसंघाशी संबंध नाही, गृहस्थांचीच संघटना आहे. दोन्ही निचिरेनच्या परंपरेतून आलेत. एखाद्या संध्याकाळी जाऊन बसायला काहीच हरकत नाही, पण घरी गोहोंझोन (ज्याच्यासमोर जप करतात तो लिहिलेला पट) घ्यायचा म्हणजे तुमच्या उपासनेचं केंद्र तेच होणार, हे समजून घ्या. तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेनने एकट्या सद्धर्मपुंडरीक सूत्रावर सगळं उभं केलं, त्याच्या आधी होनेनने फक्त अमिताभ बुद्धांचं नाव घ्यायला सांगितलं, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं होतं, की शेतात राबणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या माणसाला झेपेल असं एकच काहीतरी हवं. एकनिष्ठ राहणं म्हणजे डोकं बंद ठेवणं असं नेहमीच नसतं, कितीतरी लोकांसाठी तीच एकमेव जमणारी वाट असते.

तिबेटी परंपरेत सगळ्यात जास्त जपून. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, बोधगयेला थंडीत मोठी प्रवचनं होतात, लोक उत्साहाने जातात आणि समोर अभिषेक (एखाद्या तांत्रिक साधनेची दीक्षा) चालू असेल तर बसतात. प्रवचन ऐकायला बिनधास्त बसा. अभिषेक घेण्याआधी मात्र विचारा की यानंतर मला रोज काय करावं लागेल, कुठला संकल्प आहे, किती वर्षांसाठी. काही अभिषेकांबरोबर रोजचं पठण आयुष्यभरासाठी येतं आणि गुरुशिष्याचं नातंही बांधलं जातं. माहिती नसेल तर नुसतं आशीर्वाद म्हणून बसतेय असं आयोजकांना विचारून बसा, बहुतेक ठिकाणी ते चालतं.

याच तिबेटमध्ये १९व्या शतकात जामगोन कोंगत्रुल आणि जामयांग ख्येन्त्से वांगपो यांनी पंथापंथातली भांडणं बाजूला ठेवून निंगमा, काग्यू, साक्या अशा सगळ्यांच्या शिकवणी गोळा केल्या, ग्रंथच्या ग्रंथ लिहून काढले, की कुठलीही गुरुपरंपरा मरू नये. त्याला रीमे म्हणतात. आणि त्यांनी सगळ्याची खिचडी केली नाही. प्रत्येक शिकवण तिच्या स्वतःच्या गुरुपरंपरेने, तिच्या स्वतःच्या पद्धतीने जपली, आणि दुसऱ्याची कमी लेखली नाही. 'मी सगळ्या परंपरा मानते' असं म्हणायचं असेल तर मेहनत ही अशी असते.

आता आपल्या लोकांचा खास अवघड प्रश्न, २२ प्रतिज्ञा, ज्यात हिंदू देवदेवता न मानणंही आहे, आणि इतर परंपरांमधल्या गोष्टी. विपश्यनेच्या प्रवचनात पूर्वजन्म येतात. तिबेटी विहारात महाकाल आणि तारा दिसते. थायलंडच्या एखाद्या वाटमध्ये (तिथल्या विहारात) गेलात तर बाहेर चतुर्मुख ब्रह्माची मूर्ती भेटू शकते. मग घरातले मोठे विचारतात, यासाठी बाबासाहेबांनी दीक्षा दिली का? हा प्रश्न हलक्यात घेऊ नका आणि चिडूनही उत्तर देऊ नका, त्यांनी देव्हारे सोडले तेव्हा काय सोसलंय ते त्यांनाच माहितीये. माझा हिशोब असा आहे. प्रतिज्ञा मी घेतल्यात, त्या मोडेल असं कुठल्याही परंपरेत करणार नाही, कोणी कितीही मोठा गुरू सांगो. मूर्तीपुढे हात जोडताना मनात शंका असेल तर नुसतं शांत उभं रहा, कोणी जबरदस्ती करत नाही. आणि जिथे शिकवणीतच फरक आहे, जसं कर्म आणि पुनर्जन्म, तिथे लपवालपवी करू नका. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच चार प्रश्न उघड मांडलेत, बुद्धांनी गृहत्याग का केला, चार आर्यसत्यं, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्माचं काय, आणि भिक्खू कशासाठी. थेरवादी भिक्खूंची उत्तरं वेगळी आहेत. दोन्ही वाचा, दोन्हीकडे विचारा, आणि 'मला अजून ठरवता येत नाही' या जागी काही वर्षं राहिलात तरी साधनेचं काही बिघडत नाही. श्वास बघायला पुनर्जन्म मान्य असावा लागत नाही. आणि उलटंही खरं आहे, डोळे मिटून बसणं म्हणजे धम्म संपला असं नाही, शेजारच्या वस्तीत अन्याय झाला तर तिथे उभं राहणं हाही आपल्या घरचा धम्म आहे, कुठलंही शिबिर त्यातून सुट्टी देत नाही.

वाचताना गोंधळ झाला की सुत्तांमधलेच दोन आधार कामाला येतात. कालाम लोकांना बुद्धांनी सांगितलेलं सगळे अर्धंच सांगतात, की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. पुढचं अर्धं असं की हे अकुशल आहे, याने अहित होतं, जाणकार याला नावं ठेवतात, असं स्वतः कळलं की सोडा, आणि कुशल कळलं की तसं जगा. म्हणजे आवडेल ते निवडा अशी सूट नाहीये ती. आणि महापरिनिब्बान सुत्तात भोगनगरला ते सांगतात की कोणी म्हणालं मी हे प्रत्यक्ष बुद्धांकडून ऐकलंय, संघाकडून ऐकलंय, तर लगेच मान डोलवू नका आणि लगेच धुडकावूही नका, सुत्त आणि विनयाशी लावून बघा. युट्यूबवरच्या प्रत्येक व्हिडिओला हे लावता येतं.

कोणाला किती झेपतं ते पण बोलते. पहिली दोन तीन वर्षं असतील, किंवा घरात आजारपण, नोकरीचं टेन्शन, मन खचलेलं असेल, तर एकच संघ, एकच साधना आणि भेटता येईल असा एक माणूस. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर लांब मौन शिबिराआधी डॉक्टरांशी बोला आणि फॉर्मवर खरं लिहा, आणि वेगवेगळ्या ठिकाणची शिबिरं पाठोपाठ तर अजिबात करू नका. जे दहा पंधरा वर्षं एका जागी मुरलेत त्यांनी मात्र जरूर बाहेर पडून बघावं, त्यांना दुसऱ्या परंपरेतून स्वतःचीच साधना जास्त कळते. परदेशात असाल आणि जवळ फक्त थाई विहार किंवा झेन सेंटर असेल तर सरळ तिकडे जा, भिक्खूंना दुपारच्या आत भोजनदान द्या, त्यांच्याबरोबर बसा, आणि त्रिशरण पंचशील तर थाई लोकही पालीतच म्हणतात, उच्चार वेगळे असले तरी पहिल्या ओळीला ओळख पटते.

कुठल्याही परंपरेत असो, पैशाचा हिशोब विचारला की चिडतात, बायकांना एकटीला भेटायला बोलावतात, 'हे बाहेर सांगू नका' म्हणतात, किंवा तुमच्या घरच्यांपासून तोडायला बघतात, तर परंपरा कितीही जुनी असो, तिथून निघा. इथे वर्षावास संपायची वाट बघायची नाही.

आणि विचारपूर्वक परंपरा बदलायचीच ठरली तर गुपचूप गायब होऊ नका. जुन्या शिक्षकांना किंवा भन्तेजींना जाऊन भेटा, काय मिळालं ते सांगा, आता कुठे जाताय ते सांगा, वंदन करा. चांगला शिक्षक अडवत नाही, उलट नव्या ठिकाणी काय सांभाळायचं ते सांगतो. नव्या ठिकाणीही आधी काय केलंय ते पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ते तुम्हाला जिथे आहात तिथून पुढे शिकवतील. आणि रविवारची वंदना असेल त्या दिवशी वस्तीतल्या विहारात जायचं चालू ठेवा, तिथे मुलांना त्रिशरण शिकवायला माणसं लागतात.